अनेक हातांचा बार्न

पीटर वीअर यांचा ‘विटनेस’ (१९८५) हा चित्रपट पोलीसकथा म्हणून सुरू होतो आणि पोलीसकथा म्हणूनच संपतो. मधली काही मिनिटं मात्र ही कथा थांबते. खून, भ्रष्ट पोलीस अधिकारी, जिवावर उठलेले मारेकरी हे सगळं बाजूला राहतं. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत एका शेतावर अमिश समाजाची माणसं जमतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खपून एक बार्न उभा करतात. या प्रसंगात कोणी मरत नाही, कोणी पकडलं जात नाही, कुठलं गुपित फुटत नाही. तरीही चित्रपट पाहिलेल्या माणसाला काही वर्षांनी विचारलं, तर त्याला सगळ्यात आधी हाच प्रसंग आठवतो. असं का होत असावं, ते या प्रसंगातच शोधायला हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी. रेचल लॅप ही तरुण अमिश विधवा आपल्या लहान मुलाला, सॅम्युएलला घेऊन प्रवासाला निघालेली असते. फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्थानकात सॅम्युएलच्या डोळ्यांदेखत एक खून होतो. खुनी स्वतः पोलीसच आहे, हे तपास करणाऱ्या जॉन बुकच्या लक्षात येतं. त्याच्यावर गोळी झाडली जाते. जखमी अवस्थेत तो या मायलेकांना त्यांच्या गावी पोचवतो आणि तिथेच कोसळतो. मग रेचलच्या मेलेल्या नवऱ्याचे आखूड पडणारे कपडे घालून तो तिच्या सासऱ्याच्या, एलायच्या घरी लपून राहतो. अमिश माणसं विजेच्या तारा घरात घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत, शस्त्र उचलत नाहीत. बुकचं पिस्तूल रेचलने लपवून ठेवलं आहे. शहरात ज्यावर त्याची ओळख उभी होती, त्यातलं काहीच त्याच्याकडे उरलेलं नाही. उरले आहेत ते फक्त हात.

या हातांना सुतारकाम येतं. मोटार आदळून आपणच पाडलेलं पाखरांचं खोपटं तो दुरुस्त करायला घेतो. ही तयारी वीअर यांनी फार आधीपासून आणि कुठेही बोट न दाखवता केली आहे. म्हणूनच बार्न उभारायच्या दिवशी हत्यारं घेऊन निघालेला बुक आपल्याला उपरा वाटत नाही. बुकची भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्ड यांच्याबद्दलची एक माहिती इथे सांगायलाच हवी. अभिनयावर पोट भरत नव्हतं त्या काळात ते खरोखर सुतारकाम करत होते. पुस्तकं वाचून ते काम शिकले आणि सर्जियो मेंडिस या ब्राझिलियन संगीतकाराचा घरचा रेकॉर्डिंग स्टुडिओ त्यांनी बांधून दिला. त्यामुळे या प्रसंगात त्यांच्या हातात हातोडा दिसतो तेव्हा कॅमेऱ्याला काही लपवावं लागत नाही. खिळा दोन बोटांत धरायचा, पहिला ठोका हलका घालून तो रोवायचा, मग बोटं काढून घेऊन मनगट सैल सोडायचं. हे सरावाशिवाय जमत नाही. शिकवून आणलेला नट हातोड्याकडे पाहतो, सुतार खिळ्याकडे पाहतो. फोर्ड खिळ्याकडे पाहतात.

प्रसंग सुरू होतो तो घोडागाड्यांच्या रांगेने. शेतांमधल्या रस्त्याने काळ्या बग्ग्या येत आहेत. बार्न एका नवविवाहित जोडप्यासाठी आहे, म्हणजे ज्यांच्या संसाराला अजून काहीच नाही अशांसाठी. अमिश शेतकऱ्याला बार्नवाचून शेती करता येत नाही. खाली गाई-घोडे, वर वर्षभराचा चारा आणि धान्य अशी ती दुहेरी इमारत असते. ती एकट्याने बांधायची म्हटलं तर वर्ष जाईल आणि मजुरी देऊन बांधायची तर कर्ज होईल. म्हणून सगळे येतात. कोणाचा बार्न आगीत जळाला तरी असेच येतात, कारण बाजारातल्या विमा कंपनीकडे जाणं या समाजाला मान्य नाही. शेजारी हाच त्यांचा विमा असतो. आज मी तुझ्याकडे आलो ते उद्या तू माझ्याकडे यावंस म्हणून, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे आणि तो कुठेही लिहून ठेवलेला नसतो. आपल्याकडच्या इर्जिकीतही हेच होतं. ज्याच्या रानात नांगरट राहिली असेल त्याच्याकडे गावातले शेतकरी आपापली बैलजोडी घेऊन जायचे, दिवसभरात रान उलथून द्यायचे आणि मजुरीऐवजी त्याच्या घरचं जेवण जेवून परतायचे. मराठी प्रेक्षकाला या अमेरिकी प्रसंगात ओळखीचं काही सापडतं ते यामुळे.

आता काम कसं होतं ते पाहू. प्रसंगाची गंमत यातच आहे, आणि समीक्षक बहुतेक वेळा इथेच घाई करून रेचलच्या डोळ्यांकडे वळतात.

अशा बांधकामात इमारत खांबाखांबाने उभी होत नाही. दोन-तीन उंच खांब, त्यांना जोडणारी आडवी तुळई आणि कोपऱ्यांत तिरपे आधार अशी एक अख्खी चौकट आधी जमिनीवर आडवी जोडतात. जुन्या पद्धतीत एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याला त्यात चपखल बसणारं टोक, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी असा सांधा असतो. चौकट जुळली की ती उभी करायची. पहिल्या टप्प्यात माणसं ती हातांनी उचलून छातीपर्यंत आणतात. त्यानंतर हात पुरत नाहीत. मग टोकाला लोखंडी अणी असलेले लांब बांबूसारखे सोटे तुळईला टेकवून रेटा द्यायचा. खांबांचे पाय घसरू नयेत म्हणून काही जणांनी तिथे अडण लावून बसायचं. चौकट काटकोनात आल्यावर वेगाने पलीकडे कलंडू नये म्हणून काही जणांनी दोर ताणून धरायचे. हात सुटतात आणि सोटे लागतात तो क्षण सगळ्यात धोक्याचा. त्या क्षणी एकाने जरी सैल सोडलं तर अख्खा भार बाकीच्यांवर येतो. म्हणून हुकूम एकाच माणसाने द्यायचा असतो, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या आवाजावर रेटायचं असतं.

वीअर आणि त्यांचे छायाचित्रकार जॉन सील हे सगळं आपल्याला कळेल अशा अंतरावरून दाखवतात. कॅमेरा मागे उभा आहे. चौकट आडवी आहे, तिरपी झाली, उभी राहिली, तिच्याशेजारी दुसरी आली. दोन चौकटी जोडणाऱ्या तुळया वर चढल्या, त्यांवर माणसं स्वार झाली, मग छपराचे वासे, मग भिंतींच्या फळ्या. संकलक थॉम नोबल यांनी कामाचा हा क्रम कुठे विस्कटू दिलेला नाही. कॅमेरा पंगतीकडे किंवा गोधडीकडे जाऊन परत येतो तेव्हा इमारत थोडी वाढलेली असते. घड्याळ, तारीख, पडद्यावरची अक्षरं यांपैकी काहीच न वापरता दिवस किती सरला ते आपल्याला इमारतीवरून कळतं. या चित्रपटासाठी नोबल यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. पारितोषिक अख्ख्या चित्रपटाला होतं, पण माझ्या मते ते या प्रसंगानेच कमावलं.

दृश्यांची मांडणी जुन्या डच चित्रांची आठवण करून देते. वीअर आणि सील यांनी व्हर्मीरच्या काळातली चित्रं या चित्रपटासाठी मुद्दाम अभ्यासली होती. पण त्या चित्रांत माणसं बहुधा घरात, खिडकीच्या उजेडात असतात. इथे तीच शांत, एकाग्र माणसं उघड्या आभाळाखाली, चौकटीच्या चौकोनांत बसवली आहेत. काळी पँट, निळे-करडे सदरे, गवताच्या टोप्या आणि मागे ताज्या लाकडाचा पिवळा रंग. एवढ्या मोजक्या रंगांत सगळं चित्र भागतं.

संगीत मोरीस जार यांचं आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘डॉक्टर झिवागो’साठी प्रचंड वाद्यवृंद वापरणारा हा संगीतकार इथे संपूर्णपणे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर काम करतो. विजेची तार घरात न घेणाऱ्या समाजाच्या चित्रपटाला विजेवरचं संगीत, ही निवड कागदावर चुकीची वाटते. पडद्यावर ती पटते. एक छोटी, साधी सुरावट खालच्या स्वरांत सुरू होते. ती बदलत नाही, पुन्हा येते. प्रत्येक वेळी तिच्यावर आणखी एक थर चढतो, आवाज रुंद होतो, स्वर वर जातो. सुरावट तीच ठेवून तिच्यावर भर घालत जाणं, हीच बांधकामाचीही रीत. संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे कानाला दोनच गोष्टी मिळतात, ही सुरावट आणि हातोड्यांचे ठोके. वाद्यवृंदातली व्हायोलिनं असती तर ती रडवायला लागली असती. जार यांचे सूर भावना दाखवत नाहीत, ते फक्त चढत जातात, आणि भरून येतं ते आपल्याला.

एवढं झाल्यावर माणसांकडे वळू. बुकला इथे एक प्रतिस्पर्धी आहे, डॅनियल हॉखलाइटनर. रेचलशी लग्न व्हावं असं त्याच्या मनात आहे आणि समाजालाही ते योग्य वाटतं. ही भूमिका अलेक्झांडर गोदुनोव यांनी केली आहे. ते मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचे नर्तक, १९७९ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांनी तिथेच आश्रय घेतला. इतका मोठा नर्तक हाताशी असताना दिग्दर्शकाने त्याला एक पाऊलही नाचायला लावलेलं नाही. तो फक्त तुळईवर चढतो, वाकतो, ठोकतो. पण उंचीवर त्याच्या शरीराला जो तोल आहे तो पाहण्यासारखा आहे. सकाळी भेटताच तो बुकच्या जखमेची चौकशी करतो आणि ती भरली असेल तर आता तुला घरी जाता येईल असं हसतमुखाने सुचवतो. मनातलं सरळ सांगितलं, पुढे कामाला लागले. त्यानंतर दिवसभर हे दोघे एकमेकांच्या शेजारी, एकाच लाकडावर काम करतात.

इथे १९५४ सालचा ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ आठवतो. स्टॅन्ली डोनन यांच्या त्या संगीतपटातही बार्न उभारण्याचा एक गाजलेला प्रसंग आहे, मायकेल किड यांच्या थक्क करणाऱ्या नृत्यरचनेसह. तिथेही एका बाजूला गावातले तरुण आहेत, दुसऱ्या बाजूला डोंगरातले भाऊ आहेत, आणि मधे मुली आहेत. बांधकामाची शर्यत लागते, हातोडे एकमेकांच्या अंगावर पडू लागतात, शेवटी मारामारी जुंपते आणि बांधलेला बार्न कोसळतो. ‘विटनेस’मध्ये नेमकी तीच परिस्थिती आहे, दोन पुरुष आणि एक स्त्री. पण इथे चौकट दोघांच्या हातात आहे आणि ती दोघांनाही सोडता येत नाही. भांडायला आधी हात मोकळे लागतात. वीअर यांनी मत्सराला कामात बांधून टाकलं आहे, आणि त्या बांधणीतून दोघांमध्ये एक आदर जन्माला येतो. एकमेकांना आवडत नसलेली माणसं एकमेकांवर विसंबू शकतात, हे इतक्या कमी शब्दांत मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेलं नाही.

रेचल खाली आहे. ती सरबत आणते, लांब टेबलांवर पंगत बसते तेव्हा वाढते, बायकांबरोबर गोधडीला टाके घालते. तिची नजर वर जाते, बुकची खाली येते. आणि या दोन्ही नजरांवर तिसरी नजर आहे, ती सगळ्या समाजाची. गोधडीभोवतीच्या बायका पाहत आहेत, म्हातारे पाहत आहेत. या चित्रपटाचं नाव साक्षीदाराचं आहे आणि साक्ष फक्त खुनाचीच असते असं नाही. त्या दिवशी बार्नच्या अंगणात सगळेच एकमेकांचे साक्षीदार आहेत. म्हणून या प्रसंगातला आनंद निखळ असूनही त्याला एक कड आहे. ज्या समाजाने बुकला हातोडा देऊन आपल्यात घेतलं, तोच समाज रेचलला त्याच्याकडे जाऊ देणार नाही. वर्षानुवर्षं टिकलेली ही माणसं एकमेकांना धरून आहेत म्हणूनच एका दिवसात बार्न उभा राहतो, आणि एकमेकांना धरून आहेत म्हणूनच बाहेरच्याला आत कायमची जागा नाही. त्याच रात्री बुक आणि रेचल समोरासमोर येतात आणि तो मागे फिरतो. दुसऱ्या दिवशी तो तिला कारण सांगतो: काल काही घडलं असतं, तर मला इथे राहावं लागलं असतं किंवा तुला हे सोडावं लागलं असतं. हे त्याला कधी कळलं? माझ्या मते तुळईवर बसून खाली पाहताना.

पुढे बाजारात काही टवाळखोर अमिश माणसांना छळतात, त्यांतला एक हॉखलाइटनरच्या तोंडाला आइस्क्रीम फासतो. अमिश माणूस प्रतिकार करत नाही. सहकारी मारला गेल्याची बातमी नुकतीच ऐकलेला बुक मात्र करतो. बार्नवर ज्याच्याबरोबर लाकूड उचललं त्याच्यासाठी तो हात उगारतो आणि त्या एका ठोशामुळे मारेकऱ्यांना त्याचा पत्ता लागतो. शेवटी ते एलायच्या शेतावर येतात. तिथे एक माणूस धान्याच्या कोठारात मक्याखाली गुदमरून मरतो. ज्या समाजाने डोळ्यांदेखत बार्न उभा केला त्याच समाजाच्या इमारतीचा शहरी माणसाने केलेला हा उपयोग. आणि मग सॅम्युएल घंटा वाजवतो. शेतांतून माणसं धावत येतात. हीच ती माणसं, त्या दिवशी हातोडे घेऊन आली होती. आज रिकाम्या हाताने आली आहेत आणि नुसती उभी राहतात. इतक्या साक्षीदारांसमोर बंदूक रोखून धरलेल्या माणसाला गोळी झाडता येत नाही. बार्नचा प्रसंग आधी पाहिलेला नसेल तर हा शेवट योगायोग वाटला असता. पाहिलेला असल्यामुळे आपल्याला माहीत असतं की या गावात बोलावलं की लोक येतात.

एक उणीव नोंदवायला हवी. एका दिवसात बार्न उभा राहतो हे खरं, पण त्याआधी पाया घातलेला असतो, लाकूड मापात कापलेलं असतं, सांधे तासून ठेवलेले असतात, आणि या सगळ्याचा आराखडा अनुभवी मिस्त्रीच्या डोक्यात असतो. चित्रपटात ही आधीची मेहनत दिसत नाही. सोहळा दिसतो, त्यामागची सुतारशाळा दिसत नाही. शिवाय हा चित्रपट लँकेस्टरमध्ये चित्रित होत असताना अमिश समाजातून आणि त्यांच्या हितचिंतकांकडून विरोध झाला होता. स्वतःची छबी काढून घेणं ज्यांना मान्य नाही त्यांच्या जगण्याचं हे चित्र त्यांच्या संमतीने काढलेलं नाही. प्रसंगावर प्रेम करताना हेही लक्षात ठेवावं लागतं.

मात्र ही रीत अमिश वस्तीपुरती राहिलेली नाही. अमेरिकेत आजही घरापासून वेगळं, परसात गॅरेज बांधायचं ठरवणारा माणूस एखाद्या शनिवारी मित्रांना बोलावतो, तेव्हा नकळत याच दिवसाची पुनरावृत्ती करतो. काँक्रीटचा चौथरा आधीच ओतलेला असतो, त्यात रोवलेले बोल्ट वर डोकावत असतात. भिंतीची चौकट चौथऱ्यावरच आडवी ठोकतात, उभे लाकूड दर सोळा इंचांवर. २४ फूट लांब, २४ फूट रुंद गॅरेज असेल तर चौथऱ्याचे दोन्ही कर्ण मोजून पाहायचे. दोन्ही ३३ फूट सव्वाअकरा इंचांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे एकमेकांइतकेच आले तर कोपरे काटकोनात आहेत. मग पाच-सहा जणांनी एकदम वाकून भिंत उचलायची, तळाच्या लाकडाची भोकं बोल्टांवर बसवायची, ओळंबा लावून तिरपे टेकू ठोकायचे. छपराच्या तयार कैच्या वर चढवताना दोघे भिंतींवर, बाकीचे खालून रेटणारे. मजुरी म्हणून दुपारचं जेवण. विद्युत करवत आणि खिळे मारणारी बंदूक आली, पण २४ फुटांची भिंत उभी करायला माणसं तेवढीच लागतात, आणि हुकूम अजूनही एकानेच द्यावा लागतो. हे काम ज्याने एकदा केलं आहे तो ‘विटनेस’ पाहताना चौकट छातीपर्यंत आली की श्वास रोखतो. हात कधी सुटतात ते त्याला ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांपैकी कोणाला मित्राकडून अशा शनिवारचं बोलावणं आलं तर जरूर जावं. जमलं तर त्याआधी हा प्रसंग दोनदा पाहावा. पहिल्यांदा आवाज बंद करून, फक्त हात आणि लाकूड कुठून कुठे जातं ते बघत. दुसऱ्यांदा आवाजासह, खालून वर जाणाऱ्या नजरांसाठी.